करडईच्या तेलातली पहाट

एका चित्रकार बाईच्या आभाळात मी कांदाभजी तळली आहे. हे वाचून कुणी म्हणेल, म्हातारी आता कविता करून राहिली. कविताबिविता काही नाही. कढई खरी होती, कांदे खरे होते, आणि तेल जे होतं ते एका चित्रातल्या आभाळासाठी कितीतरी दिवस उन्हात ठेवलेलं होतं. ते मी उचललं, कढईत ओतलं, भजी तळली, आणि ते चित्र प्रदर्शनात घ्यायचं की नाही हे ठरवायला आलेल्या मंडळींनाच ती गरमागरम वाढली. इतकं जुळवून आणलेलं वाटोळं, ठरवून करायला गेलं असतं तरी जमलं नसतं.

तेव्हा मी चाळिशीत होते आणि लातूरच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. मुली मला 'ड्रॉइंगच्या बाई' म्हणायच्या आणि मी स्वतःला कलावंत म्हणायचे. रेखाकलेच्या परीक्षेसाठी मुलींकडून वस्तुचित्रं काढून घेणं हा माझा कलाव्यवहार. एक तांब्या, दोन वांगी, मागे चुण्या पडलेला कपडा. इतक्या वर्षांत इतकी वांगी तपासली होती, की भरल्या वांग्याची भाजी करतानाही आधी सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघायचे. नांदेडला दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठवाड्यातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरायचं, त्याच्या निवड समितीवरही मी होते. का होते? कुणीतरी एकदा घेतलं होतं आणि काढून टाकायचं मग कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पण मी समितीवर आहे हे शेजारपाजारी सगळ्यांना माहीत असेल, याची काळजी मी घेतली होती.

ती आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आली. नवरा निलंग्याकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. डॉक्टरकी शिकायला तेव्हाच्या रशियात गेला होता, तिथून पदवी आणि बायको दोन्ही घेऊन आला. डाळ मिलच्या रस्त्याला त्यानं दवाखाना टाकला. ती समरकंदजवळच्या गावातली, ताश्कंदला चित्रकला शिकलेली. आमच्या गल्लीनं तिचं नाव ठेवलं 'रशियन डॉक्टरीण'. ती रशियन नव्हती आणि डॉक्टरही नव्हती. सुरुवातीला ती समजावून सांगायची, मग तिनं नाद सोडला. मीही तिला रशियनच म्हणायचे. भूगोल माझा विषय नाही, असं वर ऐटीत सांगायचे. चित्रकलाही माझा विषय नाही, हे कळायला अजून वेळ होता.

मराठी ती शिकली माझ्या सासूबाईंकडून. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. दुपारी दोघी पायरीवर बसून ज्वारी निवडायच्या. एकदा आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, तेवढी दस्ती दे गं." आमच्याकडं हात-तोंड पुसायच्या फडक्याला दस्ती म्हणतात. तिनं चमकून वर बघितलं. तिच्या घरच्या बोलीत दस्त म्हणजे हात. त्या दिवशी तिनं आत्याबाईंच्या बोलण्यातून आपल्या गावचे शब्द वेचून काढले. दरवाजा, बाजार, अनार, आसमान. एकेक शब्द सापडला की टाळी वाजवायची. निजामाचं राज्य आमच्या तोंडात ठेवून गेलं ते शब्द हिला असे माहेरच्या माणसासारखे भेटतील, हे आत्याबाईंना कुठं ठाऊक होतं? पण त्या खूश. थोड्याच दिवसांत ती "काय करून राहिल्या आत्याबाई?" असं विचारत जिना उतरायला लागली. आत्याबाई मला ऐकवायच्या, "तू बोलतीस पुण्याच्या रेडिओवानी. ही बघ, माणसावानी बोलती."

पहिल्या वर्षी तिनं नांदेडला चित्र पाठवलं ते तिच्या आजोळचं होतं. मातीचं सपाट छप्पर, त्यावर वाळत घातलेले जर्दाळू आणि कडेला सुरी घेऊन बसलेली एक म्हातारी. समितीचे कर्तेधर्ते होते हिमायतनगरचे मोठे सर. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, जलरंगात असा हात की बघतच राहावं. हे प्रदर्शन त्यांनीच सुरू केलेलं, त्यामुळं त्यांचा शब्द शेवटचा. सर चित्रापुढं बराच वेळ उभे राहिले.

"चित्र एक नंबर हाय," ते म्हणाले. "पण ह्याच्यात आपलं काय हाय? प्रदर्शन मराठवाड्याचं हाय. बाई जन्मानं इथल्या न्हाईत, चित्र बी इथलं न्हाई. मग घ्यावं कशाच्या आधारावर?"

मी मान डोलावली. सरांनी काहीही म्हटलं की मान डोलावणं हेच समितीवरचं माझं काम होतं.

चित्र परत आलं. मी तिला धीर द्यायला वर गेले. म्हणजे मनात धीर होता, तोंडातून उपदेश बाहेर पडला. "असं करा डॉक्टरीणबाई," मी म्हटलं, "एक डोंगर दाखवा. खाली नदी, काठाला झोपडी, मागं मावळता सूर्य. लगेच घेतील."

तिनं शांतपणे विचारलं, "ताई, लातुरात डोंगर कुठाय?"

दरवर्षी शेकडो मुलींकडून मी तोच डोंगर काढून घेत होते.

मग चहा झाला. कप बाजूला ठेवून ती जे बोलली ते मला अजून तसंच आठवतं. "तिकडं माझ्या चित्राला भिंत व्हती ताई. ती सोडून आले. आता तिकडचे म्हणतात, ती गेली. इकडचे म्हणतात, ती बाहेरची. मला नांदेडला एक भिंत पाहिजे. लई मोठी नको. पण पाहिजे."

पुढच्या माघात ती सासरच्या गावी गेली. करडई काढायचे दिवस होते. करडईचं झाड वाळलं की अंगभर काटे. म्हणून बाया झुंजूमुंजू व्हायच्या आधी रानात उतरतात, दव असतं तोवर काटा मऊ राहतो. हाताला जुन्या लुगड्याचे फडके गुंडाळायचे आणि ऊन चढायच्या आत आपापली पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, संपवायची. ही कागद घेऊन बांधावर बसली असेल असं मला वाटलं. छे! सासूबरोबर फडके गुंडाळून पातीला लागली. परत आली तेव्हा कोपरापर्यंत ओरखडे, एका बोटात काटा मोडलेला. नवरा डॉक्टर, त्यानं चिमट्यानं काढला आणि म्हणाला, "बांधावरून दिसत न्हवतं का?"

"बांधावरून पाठी दिसतात," ती म्हणाली. "हात दिसत न्हाईत."

मग वरच्या खोलीत मोठ्या कॅनव्हासवर चित्र सुरू झालं. पांढुरकं वाळलं रान, पांढुरकं आभाळ आणि त्यात पाच-सहा बाया. पांढऱ्यावर पांढरं! मी मनातल्या मनात तिला नापास केलं. पहाट म्हणजे गुलाबी, हे चौथीच्या पोरीलाही कळतं.

त्याच सुमारास गच्चीवर काचेच्या बरण्या दिसायला लागल्या. तिनं लाकडी घाण्यावरून करडईचं तेल आणलं होतं. ते ती पाण्यानं, मिठानं आणि वाळूनं धुवायची, निवळलं की वरचं नितळ काढून घ्यायची आणि तोंडाला मलमल बांधून उन्हात ठेवायची. रोज बरण्या फिरवायची. तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण ड्रॉइंगच्या बाईनं दुसऱ्याला काय विचारायचं? उन्हाळ्यात गच्चीवर काय असतं? माझ्या कुरडया होत्या, पलीकडच्या घराचे पापड होते, समोरच्यांच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. मी धरून चालले, की तिकडं लोणच्याच्या तेलाला आधी असंच ऊन दाखवत असतील. आत्याबाईंनाही मी तसंच सांगितलं, जाणकाराच्या आवाजात.

त्या वर्षी समितीची बैठक लातूरला ठरली, आमच्या घरी. रविवार, दुपारची वेळ. मोठे सर हिमायतनगराहून आलेले, उदगीरचे एक सर, आणखी दोघे. कांदे चिरून झाले, पीठ भिजवून झालं आणि तेलाचा डबा बघितला तर तळाला फक्त वास. दुकानं दुपारची बंद. मी गच्चीवर गेले आणि त्या बरण्यांकडं बघितलं. काय रंग होता! पाण्यासारखं स्वच्छ. ती सासरी गेली होती, संध्याकाळी यायची होती. शेजाऱ्याच्या घरून वाटीभर तेल-साखर घेणं ही आपल्याकडं काही चोरी नाही. तोवर भरून ठेवू, असं म्हणून मी सगळ्यात मोठी बरणी खाली आणली.

कढईत ते तेल काही तेलासारखं वागेना. काकवीसारखं सावकाश उतरलं, मग फेसाळलं, मग धुरावलं. भजी मात्र झाली. प्रत्येक भज्याला वार्निश मारल्यासारखी झळाळी. मी ताट नेऊन ठेवलं.

उदगीरच्या सरांनी एक उचललं. "बाई, भजी लई चमकून राहिल्यात."

"डाळीचं पीठ ताजं आहे," मी ठोकून दिलं.

मोठे सर सावकाश चावत होते. बराच वेळ चावत होते. "चव ओळखीची हाय," शेवटी ते म्हणाले. "पण खाण्यातली न्हाई."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ती लवकर आली होती. वर गेली आणि लगेच खाली आली, हातात रिकामी बरणी. मी धुवून परत नेऊन ठेवली होती, माझा शेजारधर्म तेवढा चोख.

"ताई, ह्यातलं तेल?"

मी ताटाकडं बघितलं. तिनंही ताटाकडं बघितलं. मग ती वाकली, एक भजं उचललं, हुंगलं, अर्धं खाल्लं.

"मीठ धुवून काढलं व्हतं मी," ती म्हणाली. "तुम्ही परत घातलं."

मोठ्या सरांनी हातातलं भजं ताटात ठेवलं. "बाई, हे तेल कशाचं?"

"आभाळाचं, सर. जवसाचं तेल रंगात घातलं की पिवळं पडतं. करडईचं पांढरं राहतं. मला पहाट पाहिजे व्हती, ऊन यायच्या आधीची. म्हणून हे."

"म्हणजे आम्ही आभाळ खाल्लं?" उदगीरचे सर घाबरून म्हणाले.

"अर्धं," ती म्हणाली. "अर्धं ताईच्या कढईत हाय. घाबरू नका, रंग न्हाई त्यात. करडईच हाय."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, मीही हसल्यासारखं केलं. हसले नाहीत ते मोठे सर. त्यांनी विचारलं, "प्रदर्शनाच्या आत दुसरं तयार होईल?"

"न्हाई. उन्हाला घाई करता येत न्हाई."

"मग?"

"मग बघू," ती म्हणाली आणि बरणी घेऊन वर गेली.

वरून काही आवाज आला नाही. रडल्याचा नाही, आदळआपट नाही. ते जास्त वाईट होतं. तिचं चित्र नांदेडला बघूनच ठरवू, असं म्हणून मंडळी गेली. मग आत्याबाई मला म्हणाल्या, "तुला त्या शाळेत ठेवून कोण घेतंय, ते एकदा बघायचंय मला."

दुसऱ्या दिवसापासून मी तेलाच्या मागं लागले. चित्रकाराचं तेल लातुरात विकत मिळत नव्हतं, पुण्या-मुंबईहून मागवायचं तर प्रदर्शन होऊन जायचं. पण मला एक ठाऊक होतं. आमच्या प्रत्येक ड्रॉइंग मास्तराच्या कपाटात, शिकत असताना हौसेनं आणलेली जवसाच्या तेलाची एक बाटली असतेच. मी घरोघर गेले. उदगीरला एसटीनं गेले. सरांनी बाटली काढली, पण झाकण निघेना. फडक्यानं धरलं, गरम पाण्यात बुडवलं, शेवटी पकड आणली. "बऱ्याच दिवसांत लागलं न्हाई," ते म्हणाले. प्रत्येक घरी तेच झालं. माझी स्वतःची बाटली घड्या घातलेल्या साड्यांच्या मागं सापडली, तिचंही झाकण रुतून बसलेलं.

त्या बाटल्या मी तिच्यापुढं मांडल्या. तिनं एकेक उचलून उजेडाला धरली. सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा बाटल्यांकडं, आणि "लई झालं, ताई" एवढंच म्हणून कामाला लागली.

खरं म्हणजे काम मी त्या आठवड्यात पहिल्यांदा बघितलं. शाळेला सुट्टी होती, मी रोज वर जाऊन दाराशी बसायचे. इतकी वर्षं मी चित्रकला शिकवत होते आणि चित्र होताना बघितलं नव्हतं! ती ब्रशनं कमी आणि तळहातानं, फडक्यानं जास्त काम करायची. रंग लावायची, पुसायची, पुन्हा लावायची. मग खोलीच्या टोकाला जाऊन भाकरीचा तुकडा चावत नुसती बघत बसायची. बघणं हेही काम आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मुलींना म्हणायचे, बसून काय राहिलात, हात चालवा.

जवसाच्या तेलानं आभाळ पिवळसर झालं. तिला हवं तसं राहिना. एका सकाळी ती बराच वेळ चित्रासमोर उभी होती. मला वाटलं, झालं, आता हे चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवणार आणि ते पाप माझ्या डोक्यावर.

"ऊन येऊन राहिलं," ती म्हणाली.

"कुठं?"

"हिथं." तिनं आभाळाकडं बोट केलं. "आता हे ऊन यायच्या आधीचं न्हाई. आलंच ते. मग ह्या बाया अशा निवांत कशा? पात तर राहिली."

आणि तिनं सुरी घेतली. मधोमध एक बाई उभी होती, कमरेवर हात, तोंड आपल्याकडं. इतका सुंदर चेहरा की मी तेवढाच कापून चौकटीत लावला असता. तिनं तो चेहरा खरवडून काढला. मी "अहो, अहो!" म्हणेपर्यंत गेलाही. तिथं तिनं वाकलेली बाई काढली, चेहरा नाही, नुसते फडके गुंडाळलेले दोन हात काट्यात घातलेले, घाईत. मग बाकीच्या बायाही एकेक करून वाकल्या. पदर सुटला, एकीचा फडका सुटला. सगळ्या चित्राला एकदम गडबड आली. मी दाराशी बसून होते आणि मला वाटत होतं, उठून त्यांना हात लावू लागावं.

माझ्या मूर्खपणानं तिचं आभाळ बिघडलं होतं. पण तिनं त्या आभाळाशी भांडण केलं नाही. ते जसं आलं तसं मानलं आणि त्याच्याखालची सगळी माणसं नव्यानं उभी केली. मी आयुष्यात एक वांगं खोडून पुन्हा काढलं नव्हतं, कागद खराब होतो म्हणून.

प्रदर्शनाचा दिवस आला तरी रंग ओलाच. गुंडाळायची सोय नव्हती. दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून चित्र एसटीत चढवलं, अगदी मागच्या सीटवर.

"काच हाय का?" कंडक्टर म्हणाला.

"चित्र हाय. ओलं हाय," ती म्हणाली.

"मग वाळवून आणायचं की, माय."

समोरच्या सीटवरचे एक धोतरवाले बाबा वळून बघत होते. "करडई हाय ही," ते म्हणाले.

"हाव, बाबा."

"कुणाच्या रानातली?"

"माझ्या सासूच्या. निलंग्याकडची."

"तरीच. आमच्याकडं इतकी दाट येत न्हाई." मग त्यांनी खिडकीकडं बघितलं. सडकेचं काम चालू होतं, फुफाटा आत येत होता. "आरं, खिडक्या लावा! करडईवर धूळ बसून राहिली!"

भर उन्हाळा. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा आलं. अख्खी गाडी खिडक्या बंद करून घामानं निथळत बसली होती, एका ओल्या चित्रासाठी. एका बाईनं लेकराला पदरानं वारा घालत मला विचारलं, "तुम्ही काढलं का हो?" मी म्हटलं, "नाही, यांनी." ती म्हणाली, "मग तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "मी समितीवर आहे." तिनं मान हलवली, बिचारीला काही कळलं नाही. मलाही तेव्हा ते नीट सांगता आलं नसतं.

नांदेडला हॉलवर चित्रं लावायचं चाललं होतं. मोठे सर खुर्चीत बसून काठीनं जागा दाखवत होते, हातोडी दुसऱ्यांच्या हातात. सरांनी आजवर एकही खिळा ठोकला नव्हता, ती त्यांची रीतच होती. आम्ही चित्र आणून भिंतीला टेकवलं. सर उठले. जवळ गेले, मागं आले, पुन्हा जवळ गेले. मला वाटलं, आता तोच प्रश्न. यात आपलं काय हाय?

"बाया इतक्या घाईत कामून?" त्यांनी विचारलं.

"ऊन आलं, सर," ती म्हणाली. "दव गेलं की काट्यात हात घालता येत न्हाई. शेवटची पात राहिली त्यांची."

"फडका सुटलाय ह्या बाईचा."

"सुटतो. गाठ दातानं मारतात, दुसरा हात काट्यात असतो म्हणून. ढिली राहते."

सर "माझी माय..." एवढंच म्हणाले आणि थांबले. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. नांदेडच्याच एका तरुण मास्तरानं दबक्या आवाजात आठवण करून दिली, "सर, पण ते जन्माचं? मागल्या वर्षी आपण..."

"तुझा जन्म कुठला?" सर म्हणाले.

"नांदेडचा, सर. सरकारी दवाखान्यातला."

"करडई काढलीस कधी?"

"न्हाई."

"मग हातोडी दे इकडं आणि ती बाजू धर. वाकडं लागतंय."

दारातून आत आलं की समोर येणारी भिंत, तिच्यावर मोठ्या सरांनी स्वतः खिळा ठोकला. एक वाकला, दुसरा ठोकला. ती मागं उभी होती, दोन्ही हात पोटाशी धरून, बोटांना अजून पांढरा रंग. मी तिला इतक्या वर्षांत कधी रडताना बघितलं नाही. त्या दिवशीही ती रडली नाही. फक्त खिळ्याचा शेवटचा ठोका पडला तेव्हा श्वास सोडला, इतका मोठ्यानं की सर वळून बघायला लागले.

त्यानंतर तिनं किती भिंती मिळवल्या! डाळ मिलच्या भुकटीत पांढऱ्या झालेल्या बाया, माहूरच्या पायऱ्यांवर दम खात बसलेल्या म्हाताऱ्या, कोचिंग क्लासच्या सायकलींचं रान. आज तिचे केस तिच्या त्या आभाळासारखे झालेत आणि देगलूर, उदगीर, हिमायतनगरची पोरंपोरी रविवारी तिच्याकडं शिकायला येतात. ती त्यांना काही सांगत नाही. बसवते आणि म्हणते, आधी बघा. मोठे सर गेले त्या वर्षी प्रदर्शनातली चित्रं कुणी लावायची हा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांनी हातोडी तिच्या हातात दिली. तिच्या जन्मगावाची चौकशी त्यानंतर कुणी केल्याचं मला माहीत नाही.

मीही आता वर्षाकाठी एक-दोन चित्रं करते. नात म्हणते, "आजी, तुझ्या म्हशीला पाच पाय आहेत." असू देत. पन्नाशीच्या तोंडावर मी पुन्हा ब्रश धरला त्याला कारण झालं एक वाक्य. नांदेडला त्याच संध्याकाळी, हॉलमध्ये माणसांची गर्दी झाली होती आणि तिच्या चित्रापुढून कुणी हलत नव्हतं. मला भरून आलं. मी जाऊन तिचे दोन्ही हात धरले आणि समितीच्या बाईला शोभेल अशा आवाजात म्हटलं, "डॉक्टरीणबाई, आता तुम्ही आमच्यातल्या झालात!"

तिला खरोखर आनंद झाला. तोंडभर हसली. मग हॉलभर नजर फिरवून तिनं विचारलं, आणि त्यात टोमणा होता की भाबडेपणा, हे मला आजतागायत कळलेलं नाही:

"लई चांगलं वाटलं ताई. पण तुमचं चित्र कुठाय? सगळ्या भिंती हिंडले मी, मला दिसलंच न्हाई."